गेम खेळून सुवर्ण? विचरमध्ये पिस्तूल औषधालाही नाही!

व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरतंय: ‘रशियाची व्हितालिना बात्साराश्किना घरात बसून व्हिडिओ गेम खेळायची. त्यातूनच तिचा नेम तयार झाला. टोकियोत एकाएकी उगवली, लकी लॉकेट घालून दोन सुवर्णं जिंकली आणि गायब झाली. पालकांनो, मुलांच्या हातातला मोबाईल काढू नका!’

‘एकाएकी’ म्हणे. ओम्स्कची ही मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येच १० मीटर एअर पिस्तूलचं रौप्य घेऊन गेली होती, तेव्हा ती १९ वर्षांची होती. टोकियो त्यानंतर पाच वर्षांनी.

‘गेममधून नेम.’ ती गेमर आहे, यात वाद नाही. टोकियोत गळ्यात होतं ते मांजराच्या तोंडाचं लॉकेट ‘द विचर’ या गेममधलंच. पण पोस्ट लिहिणाऱ्याने गेम एकदा उघडून तरी पाहायचा! त्यातला नायक पाठीवर दोन तलवारी अडकवून राक्षस मारत हिंडतो. पिस्तूल औषधालाही सापडत नाही.

आता नेमबाजीच्या रेंजवर या. एअर पिस्तूल एकाच हातात, हात सरळ पुढे, टेकू कसलाही नाही. दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो. तो ओढताना मनगट जरासं दबलं की छर्रा दहाऐवजी नवाच्या वर्तुळात. असे ६० शॉट मारायचे, ते फक्त पात्रता फेरीत. २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या ‘रॅपिड’ टप्प्यात तर हात खाली तिरका धरून थांबायचं, तीन सेकंदांत वर आणायचा, एकच गोळी झाडायची, पुन्हा खाली. टोकियोत याच प्रकारात मनू भाकर आणि आपली कोल्हापूरची राही सरनोबतही होत्या. दोघींनाही अंतिम फेरी गाठता आली नाही. अंतिम फेरीत बात्साराश्किना आणि कोरियाची किम मिन-जुंग ५० पैकी ३८ वर बरोबरीत अडकल्या. शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीत, बात्साराश्किना ४-१ ने जिंकली. तो हात काय माऊसवर तयार होतो?

‘लकी लॉकेट.’ मग मिश्र सांघिकमध्ये (एक पुरुष, एक महिला) आर्तेम चेर्नोउसोव्हबरोबर खेळताना चीनकडून १४-१६ अशी हार कशी झाली? ते रौप्य पोस्टमध्ये नाहीच. टोकियोतली पदकं दोन नाहीत, तीन आहेत.

राहता राहिलं ‘गायब’. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ती नव्हती, हे खरं. पण २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने रशियन नेमबाजांना स्पर्धांची दारं बंद केली. टोकियोतही डोपिंग प्रकरणामुळे रशियाचं नाव-झेंडा नव्हताच. सुवर्ण घेताना राष्ट्रगीताऐवजी चायकोव्हस्कीची पियानोची धून वाजली होती. तिने टोकियोत घातलेलं लॉकेट मात्र मीमवाल्यांनी सोडलं नाही.