बेळगावची दहावी पलटण नापासांची नव्हती

'बेळगावच्या मराठा सेंटरचा दडवलेला इतिहास' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या लष्करभरतीच्या ग्रुपांवर फिरतोय. हे सेंटर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र. परवा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पोरगा पहाटे उठून धावण्याचा सराव करतो, आणि मला विचारतो, "मामा, सेंटरला लढाईत नापास झालेले लोक शिकवायचे का?" डोकं सणकलं, म्हणून लिहायला बसलो.

मेसेजात चार दावे आहेत. सेंटर शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये स्थापलं. १९२२ मध्ये इंग्रजांनी लढाईत कुचकामी ठरलेल्यांची 'दहावी पलटण' केली आणि त्यांना रंगरूट शिकवायला बसवलं, म्हणून नंबरही शेवटचा. तिथे फक्त मराठा जातीलाच जागा. आणि ओळख असेल तर आजही गेटवर थेट भरती.

पहिला दावा तारखेतच पडतो. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या रक्षणासाठी उभारली. महाराज १६८० मध्येच गेले होते. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रेजिमेंटची घोषणा आहे आणि जवानांची त्यावरची श्रद्धा खरी आहे. तिला खोट्या सनावळीचा आधार कशाला हवा?

खरा संताप दुसऱ्या दाव्याचा. पहिल्या महायुद्धाआधी रंगरूट शिकवून पाठवणारा डेपो एकेका पलटणीचा वेगळा होता. मोठी मनुष्यहानी झाली की ती भरून काढणं या छोट्या डेपोंच्या आवाक्याबाहेर गेलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथे अडकलेल्या इंग्रजांच्या फौजेला तुर्कांपुढे शरण जावं लागलं. हे शिकून लष्कराने १९२२ मध्ये सहा मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या. लढणाऱ्या पाच पलटणींना एक ते पाच क्रमांक मिळाले आणि प्रशिक्षणाच्या पलटणीला दहावा. सहा ते नऊ हे आकडे युद्धात नव्या पलटणी उभारता याव्यात म्हणून मोकळे ठेवले होते. हीच रचना इतर रेजिमेंटांतही होती. दहा हा आकडा कामाचा आहे, लायकीचा नाही.

आणि दहावी झालेली पलटण कोणती? जुन्या क्रमांकाने ११४ मराठा. ऑक्टोबर १९१८ मध्ये टायग्रिसकाठी शर्कातच्या लढाईत ही पलटण लढली. ज्यांना मेसेज कुचकामी म्हणतो, ती ही माणसं. शिवाय दहाव्या पलटणीत प्रत्येक लढाऊ पलटणीची ट्रेनिंग कंपनी असायची आणि उस्ताद, म्हणजे शिकवणारे, त्या त्या पलटणीतून यायचे. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच व्यवस्थेतून रेजिमेंटल सेंटर झालं.

शिकवणीचा कस बघायचा असेल तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातलं नाईक यशवंत घाडगे यांचं मानपत्र वाचा. तिसरी पलटण, इटली, १० जुलै १९४४. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी नाही हे ठाऊक असताना घाडगे एकटे धावले, ग्रेनेडने मशिनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा हातातली गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केलं. मग शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या लागून त्याच जिंकलेल्या मोर्च्यात त्यांचा अंत झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जातीचं म्हणाल, तर १९२२ च्या रेजिमेंटमध्ये देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, तसे दख्खनी मुसलमानही होते. 'फक्त' हा शब्द तिथेच खोटा पडतो.

गेटवरच्या भरतीत अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. युनिट हेडक्वार्टर कोट्यातून आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि भावांसाठी सेंटरमध्ये रॅली होते. पण धावणं, मेडिकल आणि लेखी परीक्षा तिथेही चुकत नाही, आणि ओळख हा निकष कुठेच नाही. मेसेजच्या तळाशी 'मार्गदर्शनासाठी' एक मोबाइल नंबर दिलाय. सगळा बनावट इतिहास पोरांना त्या नंबरापर्यंत नेण्यासाठीच रचलाय, असं माझं मत आहे. भरतीसाठी दलालाला पैसे द्यावे लागत नाहीत. जो मागतो, त्याचा नंबर पोलिसांकडे द्या.