म्हातारं कुत्रं आळशी नसतं, त्याचे सांधे दुखत असतात

आज सकाळी डोकं फिरलं. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर बसलेला उठायला धडपडतोय, मागचे पाय दोन दिशांना फाकलेत, पंजे चकचकीत लादीवर नुसते सरकतायत. आणि काका वरून पट्टा खेचत म्हणतायत, "ऊठ रे, फार आळशी झालास!" शेजारच्या बाईंनी लगेच भर घातली, "वय झालंय त्याचं, आता असंच चालायचं."

का चालायचं असंच? त्याच घरातल्या काकू गुडघ्यांसाठी गोळी घेतात, पट्टा बांधतात, बाथरूममध्ये रबरी मॅट टाकून घेतलीय. त्यांना कोणी आळशी म्हणत नाही.

संधिवाताचं कुत्रं सहसा केकाटत नाही. ते सोफ्यावर चढणं सोडतं. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं. बसताना एक पाय बाजूला टाकतं, मनगटाचा सांधा चाटत राहतं, रात्री जागा बदलत धापा टाकतं, पाठीला हात लावला की गुरगुरतं. मांड्या बारीक होतात आणि खांदे भरलेले दिसतात, कारण वजन पुढच्या पायांवर गेलेलं असतं. लॉबीतल्या त्या बिचाऱ्याच्या मांड्या लांबूनसुद्धा दिसत होत्या.

पहिला गुन्हेगार घरातली लादी. व्हिट्रिफाइड टाइल्सवर प्रत्येक पावलाला पाय सरकतो, तो सावरायला आधीच दुखरा सांधा वेडावाकडा ताणला जातो. सगळं घर झाकायची गरज नाही. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, दार आणि बाल्कनी जोडणारी दोन फूट रुंद वाट करा. जुन्या योगा मॅट चालतात, रबरी तळाच्या पट्ट्या उत्तम. सुती सतरंजी नुसती टाकली तर ती कुत्र्यासकट घसरते, खाली जाळीचं अँटिस्लिप घाला. दोन मॅटमध्ये फट ठेवू नका, पाय नेमका तिथेच पडतो.

तळव्याच्या गाद्यांमधले केस कापा. लादीवर चालताना नखांची टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढलीत, बोटं वर ढकलली जातायत. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एकदम न कापता दर आठवड्याला एक-दोन मिलिमीटर. आतली शीर हळूहळू मागे सरकते.

अंथरूण चार इंच जाडीच्या घट्ट फोमचं हवं. गुडघा टेकून दाबून बघा, खाली जमीन लागली तर ते अंथरूण नाही, चादर आहे. वर रेक्झिन असेल तर त्यावर सुती खोळ घाला, नाहीतर तिथेही घसरण. मधे खोलगट होणारी खाट नको, त्यातून उठताच येत नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटावर बघून, दहा-पंधरा मिनिटं. सांधा नुकताच सुजून गरम झाला असेल तर शेक अजिबात नाही.

आता वजन. इथे मला काकांवर रागावताही येत नाही. रात्री स्वतःच्या ताटातली तूप लावलेली भाकरी ते त्याला भरवतात, त्याचे डोळे कसे लुकलुकतात ते सगळ्या मजल्याला माहीत आहे. पण काका, तीच भाकरी त्याच्या गुडघ्यांवर बसलीय हो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर्सवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना २५ टक्के कमी खायला दिलं, ती कुत्री सुमारे दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचाराची गरजही उशिरा पडली.

बरगड्या हलक्या हाताने चाचपल्या की मोजता यायला हव्यात, वरून बघताना कंबर दिसायला हवी. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, यापेक्षा जास्त उतरवू नका. खाणं वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजा. चहाची बिस्किटं बंद. बक्षीस म्हणून काकडी, गाजर, बिनमिठाची उकडलेली फरसबी. पहिले पंधरा दिवस तो तुमच्याकडे असा बघेल की काळीज तुटेल. बघू द्या.

आणि औषधाचा डबा! हे टाइप करतानाच पुन्हा पारा चढतोय. "अर्धी कॉम्बिफ्लाम दिली, बरं वाटलं त्याला," हे वाक्य मला परत ऐकायचं नाही. त्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड बंद पाडतं. डायक्लोफेनॅकही नाही, त्याचं जेलही नाही, कारण लावलेलं सगळं कुत्रं चाटतं. मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध डॉक्टर देतात, पण मात्रा बघा: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला रोज एक मिलिग्रॅम. मेडिकलमधली माणसांची गोळी साडेसातची असते! आधी रक्त तपासून यकृत-मूत्रपिंड बघायचं, गोळी खाण्यासोबत द्यायची, स्टेरॉइड चालू असेल तर हिची जोडी करायची नाही. उलटी, काळी शी किंवा खाणं सोडलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माशाच्या तेलाचा उपयोग होतो, पण एका साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए (म्हणजे त्यातलं कामाचं ओमेगा-३) मिळून तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. एकापासून सुरू करून डॉक्टरांच्या सांगण्याने वाढवा, घाई केली की जुलाब. कॉडलिव्हर ऑइल त्याऐवजी चालत नाही, अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. सांध्यांसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या पूरक गोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. काहींना फरक पडतो म्हणतात, द्या बापडे.

फिरणं बंद करू नका. दिवसाला तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं, मातीवर, छातीच्या हार्नेसने. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडीवर दोन तास, मग सोमवारी लंगडतो म्हणून आश्चर्य! चेंडू फेकणं बंद, धावून कचकन वळण्यात सांधे जातात. गाडीच्या डिकीसाठी फळी लावायची तर उंचीच्या निदान तिप्पट लांब, वर काथ्या ठोकून.

जिन्यावर टॉवेलचा झोळा करा: पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, नर असेल तर लघवीची जागा मोकळी ठेवून. आणि आमच्या सोसायटीत कुत्र्यांना लिफ्ट बंद करायची टूम निघालीय, त्यांच्यासाठी: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचा, अशी बंदी घालता येत नाही. लिफ्टमध्ये केस पडतात, वास येतो, मान्य. पुसून घेऊ. पण तिसऱ्या मजल्यावरून त्या लॅब्रॅडॉरला जिन्याने उतरवायला लावणारे लोक मला माणसं वाटत नाहीत.

एक मात्र खरं, प्रत्येक लंगडणं संधिवाताचं नसतं. आपल्याकडे गोचीड तापानेही सांधे सुजतात, आणि तो रक्त तपासणीशिवाय कळत नाही. पाय अचानक टेकवेनासा झाला, तर लिगामेंट तुटलेलं किंवा हाडाचा कॅन्सर असू शकतो. नखं वरच्या बाजूने घासली जात असतील, पंजा उलटा पडत असेल, तर दुखणं मज्जातंतूंचं असू शकतं. दवाखान्यात भीतीने कुत्रं ताठ चालतं आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही, म्हणून आधी घरी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सकाळी उठतानाचा एक, जिन्याचा एक, समोरून आणि बाजूने चालतानाचा एकेक. चालतानाचा मातीवर काढा, लादीवर घसरण्यातून चाल कळत नाही.