खुर्चीवर जमतं, मग कामावर का जमत नाही?

निवडणुकीत एकमेकांचा उद्धार करणाऱ्या पक्षांनी निकालानंतर जुळवून घ्यावं का, यावरून आमच्या ओळखीपाळखीत सध्या कडाक्याचे वाद चालू आहेत. एक बाजू म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं, आता राज्य चालवा. दुसरी म्हणते, ज्यांच्या नावाने बोटं मोडून मतं मागितली त्यांच्याच गळ्यात गळे घालणं ही मतदाराशी गद्दारी आहे. माझं मत सरळ सांगते. जुळवून घ्यायलाच हवं, पण सभागृहात, कामाच्या मुद्द्यावर आणि सगळ्यांच्या देखत. मंत्रिपदं वाटून घेण्यासाठी नको. आपल्याकडे मात्र गेली काही वर्षं नेमकं उलटं चाललंय.

२०१९ आठवा. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजपला १०५, शिवसेनेला ५६. बहुमताला १४५ लागतात, युतीकडे १६१ होते. तरी सरकार बनलं नाही, राष्ट्रपती राजवट आली, मग फडणवीस-अजित पवारांचा तो पहाटेचा शपथविधी, आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचं तिसरंच सरकार. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. त्या पाच वर्षांत या राज्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी आपल्या कट्टर विरोधकासोबत सत्तेत बसला. म्हणजे आपल्या नेत्यांना तडजोड जमत नाही असं कुणी म्हणू नये. रात्रीत जमते. खातेवाटप असेल तर.

याची किंमत खालचा कार्यकर्ता मोजतो. मी गोरेगावला राहते. आमच्या गल्लीत दोन मुलं आहेत, एकाच शाळेतली, एकाच मंडळात ढोल वाजवणारी. पोस्टर फाडल्यावरून प्रचारात हाणामारी झाली, दोघांवर गुन्हे दाखल झाले. त्यातल्या एकाला सिक्युरिटी कंपनीत नोकरी लागत होती, ती पोलीस व्हेरिफिकेशनला अडकली. दुसऱ्याची आई पहिल्याच्या आईशी अजून बोलत नाही, मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तकंही वेगळी झाली. आज त्या दोघांचे पक्ष एकाच सरकारात आहेत आणि नेते एकाच बॅनरवर हात जोडून उभे आहेत. केस मात्र चालूच आहे, तारखेला दोघांना जावंच लागतं. वर दिलजमाई झाली तेव्हा या पोरांना कुणी साधा फोनसुद्धा केला नाही. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो.

आता दुसरी बाजू. जिथे जुळवून घ्यायला हवं होतं तिथे काय केलं?

आरेचं जंगल आमच्या दारातच, म्हणून मेट्रो ३ च्या कारशेडचं, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेचं, सगळं जवळून पाहिलं. ऑक्टोबर २०१९, मतदान तोंडावर, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. दोन हजारांहून अधिक झाडं गेली. बरं, सरकार भाजप-सेनेचं, आणि त्यातलाच एक पक्ष जाहीरपणे कारशेडच्या विरोधात. नवं सरकार आलं, आरेतल्या कामाला स्थगिती मिळाली. वर्षभराने कारशेड कांजूरमार्गला न्यायचं जाहीर झालं. केंद्र म्हणालं, ही मिठागराची जमीन आमची. डिसेंबर २०२० मध्ये हायकोर्टाने तिथलं काम थांबवलं. २०२२ ला सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. २०२२ पर्यंत प्रकल्पाचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३३,४०५ कोटींवर गेला. सगळी वाढ या भांडणापायी झाली असं मी म्हणत नाही, मध्ये कोविडही होता. पण राज्य एका पक्षाचं आणि केंद्र दुसऱ्याचं असल्यामुळे अडलेली ती कांजूरची जमीन? २०२३ मध्ये त्यातलीच जागा मेट्रो ६ च्या कारशेडला मिळाली. जमीन तीच, कागदपत्रं तीच. दोन्हीकडे एका मताचं सरकार आल्याबरोबर वाद मिटला. मग तो आधी का मिटला नाही? दोन्ही बाजूंनी एका टेबलावर बसून, झाडांचं काय, जमिनीचं काय, उशिराचा खर्च किती, हे मुंबईकरांसमोर मांडलं असतं तर कुणाचं नाक कापलं गेलं असतं?

याला मी तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही. आपल्या हट्टाचं बिल दुसऱ्याला भरायला लावलं, इतकंच.

आणि हे जमू शकतं, याच मुंबईत जमलंय. फेब्रुवारी २०१७ ची महापालिका निवडणूक आठवते का? सेना ८४, भाजप ८२. राज्यात एकाच मंत्रिमंडळात बसून महापालिकेसाठी दोघांनी एकमेकांवर जे आरोप केले, ते ऐकवत नव्हते. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी येणार होता आणि महापालिकेच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा झरा, म्हणजे जकात, बंद होणार होती. सेनेने अडून धरलं की भरपाई कायद्यात लिहून द्या. मे महिन्यात विशेष अधिवेशनात तसा कायदा झाला. जुलैत ६४७ कोटींचा पहिला हप्ता महापालिकेला मिळाला. चेक द्यायच्या कार्यक्रमातही दोन्हीकडच्यांनी घोषणाबाजी केली. करू देत! भांडण आपल्या जागी, पैसा शहराच्या तिजोरीत. मला अशी तडजोड हवी आहे.

त्याहून मोठं उदाहरण आपल्या पगाराच्या स्लिपवर आहे. व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर १९७५ पासून आला, रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडत होती, वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना लावून धरली. तिचा कायदा विधिमंडळात आला तो १९७७ साली. साल लक्षात घ्या. नुकतीच आणीबाणी उठली होती. विरोधकांतले अनेक जण तुरुंगातून सुटून आले होते, आणि समोर बसलेला पक्ष, काँग्रेस, त्यांना आत टाकणारा. त्याच वर्षी लोकसभेला पाण्यासाठी लढणाऱ्या आमच्या मृणालताई गोरे निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ अशा घोषणा इथे घुमल्या. याहून कडवट निवडणूक कुठली असणार? तरीही रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. शहरातल्या नोकरदाराच्या खिशातून पैसे काढून गावातल्या मजुराला कामाचा हक्क द्यायचा, यात मतांचा हिशोब करायचा तर दोन्ही बाजूंना विरोध करता आला असता. २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्याला हीच योजना नमुना म्हणून समोर होती.

यावर लोक म्हणतात, विरोधक असे सोबत आले की विरोध बोथट होतो. अजिबात नाही. रोजगार हमीला मत देणाऱ्यांनी नंतर त्याच योजनेतल्या खोट्या हजेरीपटांवरून सरकारला धारेवर धरलं. कायद्याला हात वर केला होता, म्हणून तर त्यांच्या प्रश्नांना वजन होतं. विरोध बोथट होतो तो विरोधक मंत्री झाल्यावर. काल ज्याच्या भ्रष्टाचाराच्या फायली दाखवत होता त्याच्याच शेजारी शपथ घेतली की आज कुठल्या तोंडाने प्रश्न विचारणार?

सगळ्यावर तडजोड होत नाही, हेही खरं. माणसांना धर्मावरून, जातीवरून धमकावणं, कार्यकर्त्यांवर हात टाकणं, यात मध्यममार्ग नसतो. तिथे शेवटपर्यंत भांडावं. पण पाणी, गटारं, बेस्टच्या बसगाड्या, चाळींचा पुनर्विकास यात कसला आलाय वैचारिक मतभेद? महापालिकेचे प्रभाग २२७ होते, एका सरकारने २३६ केले, पुढच्याने पुन्हा २२७. या आणि आरक्षणाच्या कोर्टबाजीत मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हता. आमच्या गल्लीतलं तुंबलेलं चेंबर कुणाला दाखवायचं हे कळत नव्हतं. आमदाराकडे जावं तर तो विरोधी पक्षाचा असला की निधी मिळत नाही असं ऐकायचं. आमच्या घरपट्टीवर पक्षाचं नाव छापलेलं असतं का?

तडजोडीची सुरुवात जिंकलेल्याने करायची असते, कारण द्यायला त्याच्याकडेच काहीतरी असतं. २०२४ मध्ये महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं. एकट्या भाजपचे १३२ आले, विरोधात सगळ्यात मोठा पक्ष २० जागांचा. संख्याबळाच्या वादात विधानसभेचं विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं, पुढे विधान परिषदेतलंही रिकामं झालं, आणि डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं. इतकं बहुमत असताना ते पद देऊन सरकारचं काय बिघडलं असतं? मला मोठमोठ्या गळाभेटी नकोत. विरोधकाला त्याची खुर्ची द्या, त्याच्या मतदारसंघाला निधी द्या, मोठ्या प्रकल्पाची कागदपत्रं आधी त्याच्यासमोर ठेवा. आणि विरोधकांनीही, सत्ता आली की पहिल्या दिवशी मागच्यांचं काम बंद पाडायची ती खोड सोडावी.

हो, आणि आमच्या गल्लीतल्या त्या दोन पोरांवरची केस मागे घ्यायला दोन्ही पक्षांनी आपापला वकील पाठवावा. सरकार एकत्र चालवताय, एवढं नक्कीच जमेल.