पद गेल्यावर लिहिलं म्हणून खोटं?

गेले काही दिवस आमच्या देवगड तालुक्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: सरकारच्या आतल्या गोष्टी सांगणारी पुस्तकं म्हणजे पद गेलेल्यांची पोटदुखी. खरं होतं तर तेव्हा गप्प का बसलात? बंद खोलीतलं बोलणं इतक्या वर्षांनी शब्दन्शब्द आठवतंच कसं? लिहिलंय पैशासाठी, तेही निवडणूक बघून. सरकारने नाकारलंय, म्हणजे विषय संपला. शेवटची ओळ: असली पुस्तकं वाचनालयात ठेवू नका.

या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसलो. आमच्या गावच्या वाचनालयाची यंदाची खरेदीची यादी माझ्याकडे आहे. हाच मजकूर दाखवून तिच्यातली चार पुस्तकं काढायला मला सांगितलं गेलं. मी ती काढणार नाही. का, ते सांगतो.

‘तेव्हा गप्प का बसलात?’ हा प्रश्न मंत्र्याला विचारा, जरूर विचारा. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५६ साली गप्प बसले नाहीत. मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता झाला, असं लोकसभेत उभं राहून सांगितलं. त्यांना ती सोय होती. सचिवाला नसते. सेवेत असताना सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला वर्तणूक नियमांची बंदी आहे, डोक्यावर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांवर तर २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांतूनच बंधन घट्ट केलं: त्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी परवानगी हवी. ज्याचं तोंड नियमाने बांधलं होतं त्याला ‘तेव्हा का बोलला नाहीस’ म्हणणं हा अन्याय आहे.

माधव गोडबोले यांचं उदाहरण घ्या. बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते केंद्रीय गृहसचिव होते. मार्च १९९३ मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि १९९६ साली पुस्तक आलं. मराठीत ते ‘अपुरा डाव’. गृहखात्याने ती वास्तू आधीच ताब्यात घेण्याची योजना तयार करून वर दिली होती, असं त्यांनी लिहिलं. ही साधी गोष्ट नाही. गृहसचिवाने लिहिलं नसतं तर आपल्यासारख्यांना हे कुठून कळलं असतं? मग तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव यांची बाजू त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ साली पुस्तकरूपाने आली. त्यासाठी लागणारी राष्ट्रपती राजवट आधीच लावायला घटनेच्या चौकटीत वाव नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आता माझ्यासारख्या वाचकापुढे दोन खुर्च्यांवरून पाहिलेली तीच घटना आहे. एक पुस्तक काढून टाकलं तर माझ्या हाती उरेल ती निम्मी फाईल.

‘पोटदुखी’ म्हणाल, तर असते. मी ती नाकारत नाही. पण आपल्याकडे गडग्याचा, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाचा, वाद झाला की साक्ष कोण देतो? शेजारी, भावकीतला, ज्याची आंब्याची दोन कलमं त्याच गडग्याला लागून आहेत तो. त्याचा स्वार्थ सगळ्या वाडीला ठाऊक असतो. माझे काका असल्या बैठकीत म्हणायचे, “साक्षीदार भावकीतलो असलो म्हणान काय तेचा आयकूचाच नाय?” ऐकायचं, मग फेरफार काढायचा, मोजणी बोलवायची.

अमेरिकेत अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख, डोनाल्ड रीगन यांना फेब्रुवारी १९८७ मध्ये जावं लागलं. अध्यक्षांच्या पत्नीशी त्यांचं बिनसलेलं सगळ्यांना माहीत होतं. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलं की अध्यक्षांचे दौरे आणि कार्यक्रम नॅन्सी रेगन एका ज्योतिषी बाईंना विचारून ठरवायच्या, आणि त्यासाठी आपल्या टेबलावर चांगल्या-वाईट दिवसांना वेगवेगळे रंग दिलेलं कॅलेंडर असायचं. दुखावलेला माणूस, त्यात असली गोष्ट! आपल्या फॉरवर्डच्या कसोटीला हे पुस्तक पहिल्याच पानावर नापास झालं असतं. पण पुढच्याच वर्षी नॅन्सी रेगन यांनी स्वतःच्या आठवणींत ज्योतिषाचा सल्ला घेतल्याचं मान्य केलं, आणि १९९० मध्ये त्या ज्योतिषी जोन क्विगली यांचंही पुस्तक आलं. राग खरा होता आणि गोष्टही खरी होती.

स्मरणशक्तीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. अवतरणचिन्हांत दिलेले लांबलचक संवाद वाचताना मीही अडखळतो. यावर एक फार चांगला पुरावा उपलब्ध आहे. विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी जून १९७३ मध्ये सिनेट समितीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचलं. अध्यक्षांच्या कार्यालयात बोलणं टेप होत होतं, हे जुलैत उघड झालं. पुढे उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली डीन यांची साक्ष आणि टेप एकमेकांशेजारी ठेवून तपासल्या. १५ सप्टेंबर १९७२ च्या बैठकीतलं डीन यांनी सांगितलेलं बोलणं टेपशी जवळजवळ कुठेच जुळत नव्हतं. शिवाय आठवणीत डीन स्वतः प्रत्यक्षापेक्षा जास्त मधोमध उभे होते. तरीही मुख्य गोष्ट, की अध्यक्षांना प्रकरण दडपलं जातंय हे माहीत होतं आणि ते त्यात सामील होते, बरोबर निघाली.

म्हणून मी संवाद सैल हाताने धरतो आणि घटना घट्ट. आणि त्याच दिवशी लिहिलेली रोजनिशी हाती आली तर तिला वरचं पान देतो. इंदिरा गांधींच्या सचिवालयातले सहसचिव बिशन टंडन यांनी नोव्हेंबर १९७४ पासूनच्या नोंदी ठेवल्या. आणीबाणी येणार हे लिहिताना त्यांना ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांनी मागे वळून लिहिणाऱ्याला ही गोष्ट साधत नाही.

पैसा आणि निवडणूक. संजय बारू यांचं मनमोहन सिंगांवरचं पुस्तक एप्रिल २०१४ मध्ये, मतदान चालू असताना आलं, हे खरंच आहे. ती वेळ मला आवडली नाही. पण त्या तारखेने पुस्तकातलं एकही वाक्य खोटं ठरत नाही. त्यापेक्षा कामाची तारीख वेगळीच आहे: बारू मे २००४ ते ऑगस्ट २००८ पंतप्रधानांचे माध्यम सल्लागार होते. त्या चार वर्षांचे ते साक्षीदार. २००९ नंतरच्या सरकारबद्दल ते जे सांगतात, ते बाहेर उभं राहून.

पंतप्रधान कार्यालयाने ते पुस्तक कल्पित आणि एकांगी ठरवलं होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा निकाल वाटतो. नकार देणारेही त्याच इमारतीतले, त्यांचंही काही पणाला लागलेलं. त्यांचा नकार ही आणखी एक साक्ष झाली, तीही तपासायची.

फॉरवर्ड कुठे बरोबर आहे तेही सांगतो. नेहरूंचे सचिव एम. ओ. मथाई यांनी १९५९ साली आरोपांमुळे पद सोडलं, नेहरू १९६४ साली गेले, आणि पुस्तक आलं १९७८ मध्ये. खाजगी आयुष्याबद्दलच्या त्यातल्या गोष्टींना कागदाचा आधार नाही, उत्तर द्यायला माणूस नाही. त्यातलं मागे घेतलेलं प्रकरण म्हणून जो मजकूर मोबाईलवर फिरतो, तो तर छापील पुस्तकात नाहीच. गंमत म्हणून तो पुढे पाठवणारे काही जण आमच्या त्याच गटात आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याला ही तपासणी नवी नाही. मूळ वेळासच्या घराण्यातल्या नाना फडणिसांनी पानिपतातून जीव वाचवून आल्यावर स्वतःची हकीकत लिहिली. तेही आतलेच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये त्या काळातली पत्रं छापली आणि बखरींवर कडक टीका केली. तेव्हापासून अभ्यासक हकीकत, बखर आणि पत्र एकत्र मांडून वाचतात. नानांची हकीकत कोणी फेकून दिली नाही.

यादीत चारही पुस्तकं ठेवली आहेत, आणि नरसिंह रावांचं पाचवं वाढवलं आहे. प्रत्येकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी एक चिठ्ठी चिकटवणार आहे: लेखक कोणत्या पदावर होता, केव्हापासून केव्हापर्यंत, कसा बाहेर पडला, पुस्तक कधी आलं, आणि त्याच घटनेवर दुसऱ्या बाजूने लिहिलेलं पुस्तक आपल्याच कपाटात कोणत्या क्रमांकावर आहे.