प्रीमियम पेट्रोल टाकलं तरी इथेनॉलच, मग आम्ही करायचं काय?

डोकं पार तापलंय आज. माझी गाडी २०१७ ची, मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की ई१० (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पर्यंतच चालेल, आणि पंपावर जिथे जावं तिथे ई२०, म्हणजे वीस टक्केवालं. म्हणजे कंपनी म्हणते टाकू नका आणि पंपावर दुसरं मिळतच नाही.

नागपूरच्या मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे दीड हजार किलोमीटर. टाकी फुल करून किलोमीटर डायरीत लिहायची सवय बाबांची, ती मला लागली, त्यामुळे कोणी मला सांगू नका की तुमच्या मनाचे खेळ आहेत. साडेपंधराचं ॲव्हरेज होतं, आता १४.२. रस्ता तोच, वर्धा रोडचे सिग्नल तेच, टायरमधली हवा दर रविवारी बघतो. महिन्याला नऊ लिटर जास्त, म्हणजे नऊशेच्या वर रुपये उगाच गेले.

आणि हे होणार हे माहीत होतं हो सगळ्यांना! एक लिटर इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, हे काही गुपित नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की अशा जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के पडेल, आणि त्याच अहवालात हेही आहे की म्हणून हे पेट्रोल स्वस्त असावं आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० चालू ठेवावं. वीस टक्क्यांचं टार्गेट २०३० चं होतं ते ओढून अलीकडे आणलं, ते बरोबर जमलं, मग ई१० काऊन नाही जमलं? स्वस्त काऊन नाही झालं?

पंपावरचा पोरगा म्हणे भाऊ प्रीमियम टाका, फरक पडेल. टाकलं, दोन महिने टाकलं, लिटरमागे आठ-दहा रुपये जास्त देऊन, आणि डायरीत आकडा तिथेच, १४.२, १४.३. मग शोधलं तेव्हा कळलं की ते ९५ ऑक्टेनवालं प्रीमियमसुद्धा इथेनॉल मिसळलेलंच असतं, ऑक्टेन म्हणजे फक्त नॉकिंग (इंजिनातली ठकठक) होऊ न देण्याची ताकद, त्यातून ऊर्जा वाढत नाही, माझ्या साध्या इंजिनाला त्याचा उपयोगच नाही. इथेनॉल नसलेलं पाहिजे तर १०० ऑक्टेनचं घ्या, त्याचा भाव दीडशेच्या वर! रोज ड्युटीवर जाणाऱ्या माणसाने ते टाकायचं?

मे महिन्यात, त्या पंचेचाळीस डिग्रीत, बोनेटमधून पेट्रोलचा वास यायला लागला. मेकॅनिकने पाइप काढून दाखवला, रबर बोटाने दाबलं तर लिबलिबीत. पोरं मागच्या सीटवर बसतात हो त्या गाडीत! सर्व्हिस सेंटर म्हणते पेट्रोलचा दोष, पंपवाला म्हणतो गाडी जुनी झाली, एक जण जबाबदारी घ्यायला तयार नाही, सगळे नुसते फिरवून राहिले. ३,८०० रुपये मात्र माझ्या खिशातून गेले.

इथेनॉल ऊस-मक्यापासून होतं, शेतकऱ्याला पैसा मिळतो, बाहेरून तेल कमी आणावं लागतं, मान्य आहे मला, आमचेच नातेवाईक काटोलकडे शेती करतात, मका लावतात. मी इथेनॉल बंद करा म्हणतच नाही. पण सप्टेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टातली इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिकाही फेटाळली गेली, आता कोणाकडे जायचं? एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० साठी बनवल्यात, त्यांना खुशाल द्या. त्याआधी कर्ज काढून गाड्या घेतलेल्या लोकांनी काय त्या भंगारात द्यायच्या, माझे तर शेवटचे हप्ते आत्ता कुठे संपले.

एक नोझल द्या ना वेगळं, ई१० लिहिलेलं. दोन रुपये जास्त घ्या, मी देतो!