बॅज असला म्हणून कन्सल्टंट आपल्या बाजूचा होत नाही

बडोद्यातल्या आपल्या कारखानदार मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय, मकरपुरा जीआयडीसीपासून वाघोडियापर्यंत सगळ्यांनी फॉरवर्ड केलाय. म्हणणं असं की सॉफ्टवेअरचा सल्ला फक्त सॉफ्टवेअर कंपनीनं मान्यता, म्हणजे बॅज, दिलेल्या कन्सल्टंटकडूनच घ्या, कारण मान्यता हुशारी बघून मिळते, त्याला कंपनीचा पगार नसतो म्हणून तो निष्पक्ष असतो, आणि वर सल्ला फुकट. लोक हे वाचून लाखांच्या ऑर्डरवर सह्या करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हुशारी बघून मान्यता मिळते हे अर्धंच खरं आहे. मायक्रोसॉफ्टचंच घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे सोल्युशन्स पार्टनर, म्हणजे कंपनीचा माल विकणारी-बसवणारी बॅजवाली फर्म, व्हायला १०० पैकी किमान ७० गुण लागतात. परीक्षा पास झालेली माणसं किती, हा त्यातला एक भाग. बाकीचे गुण नवीन गिऱ्हाईकं किती जोडली आणि गिऱ्हाईकांचा वापर किती वाढला यावर. म्हणजे तुमचं क्लाउडचं बिल वाढलं की त्याचा बॅज पक्का होतो. अशा माणसाला, "शेठ, तुमचा जुना सर्व्हर अजून दोन-तीन वर्षं चालेल, आत्ता काही घेऊ नका", हे सांगणं किती जड जात असेल बघा. सांगणारे आहेतही, पण सांगून तोटा त्यांचाच होतो.

पगार नसतो, हो, नसतो. पण मेसेजनं एमव्हीपी आणि पार्टनर दोघांना एकाच दावणीला बांधलंय. एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) हा मायक्रोसॉफ्टचा जाणकारांना दिलेला किताब १९९३ पासून आहे, तो माणसाला मिळतो, वर्षभरापुरता, आणि दर वर्षी नव्यानं मिळवावा लागतो. यातले बरेच जण कंपनीवर उघड टीकाही करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते, त्यामुळे पुढे काय येणार नि काय बंद होणार यातलं जे त्यांना आतून कळतं ते तुम्हाला सांगता येत नाही, आणि नेमकं तेच तुम्हाला खरेदीआधी हवं असतं. पार्टनरचं वेगळंच. त्याला लायसन्सवर मार्जिन मिळतं, इन्सेंटिव्ह मिळतो आणि बऱ्याचदा रिन्यूअलला दर वर्षी परत मिळतो. पगार नाही याचा अर्थ पैसा नाही असा कुठून काढला?

आता फुकट सल्ला. माझ्या आतेभावाचं मकरपुऱ्यात फॅब्रिकेशनचं युनिट आहे, त्याच्याकडे असाच एक मान्यताप्राप्त कन्सल्टंट ईआरपीची, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, तुलना करून घेऊन आला. शीटमध्ये तीन कॉलम होते आणि तिन्ही एकाच कंपनीचे प्लॅन! कन्सल्टिंग चार्जेसच्या खाली मोठं शून्य, आणि लायसन्स मस्टरवर नाव असलेल्या प्रत्येकाचं धरलेलं, वेल्डरचं आणि वॉचमनचंसुद्धा, ज्यांना त्यात कधी लॉगिन करायचंच नव्हतं. ते शून्य कोण भरणार होतं ते सरळ दिसतंय. आतेभावानं दुसऱ्या डीलरला भाव विचारला तर तो म्हणाला तुमचं नाव आधीच रजिस्टर झालंय, मला तो डिस्काउंट मिळणार नाही. याला डील रजिस्ट्रेशन म्हणतात, जो गिऱ्हाईकाचं नाव कंपनीकडे आधी नोंदवतो खास डिस्काउंट त्यालाच, या धंद्यात ते सर्रास चालतं, पण कोटेशन मागताना आपल्याला कोणी सांगत नाही.

मेसेजच्या शेवटी आहे की हितसंबंध वगैरे मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी. अहो उलट आहे, मोठ्यांकडे खरेदी खातं असतं, वकील असतो, आपल्याकडे कोण आहे? म्युच्युअल फंडाच्या बाबतीत छोट्या माणसासाठीच सेबीनं २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांचे नियम आणले आणि २०२० मध्ये ते कडक केले, एकाच क्लायंटला सल्ला द्यायचा आणि कमिशनवर मालही विकायचा हे बंद. जागतिक बँकेच्या पैशातल्या कामात ज्या फर्मनं सल्ला दिला तिला त्यातूनच निघालेला माल पुरवता येत नाही. सॉफ्टवेअरच्या सल्लागारावर असं बंधन नाही, म्हणून ते आपणच करारात घालायचं.

प्रॉडक्ट ठरलेलं असेल, फक्त बसवायचं असेल, तर बॅजवालाच घ्या, तिथे त्याची माहिती सोन्यासारखी आहे. पण काय घ्यायचं हेच ठरायचं असेल तर ठरवणारा वेगळा ठेवा, त्याला फी द्या आणि कामाआधी लिहून घ्या की कोणत्या कंपन्यांकडून त्याला काय मिळतं, आमचं नाव आम्हाला विचारल्याशिवाय कुठेही रजिस्टर करणार नाही, आणि लायसन्सवर कमिशन आलंच तर ते आमच्या बिलातून वजा होईल. हे ऐकून जो चिडेल त्याचं काम तिथेच थांबवा, चांगला माणूस दहा मिनिटांत लिहून देतो.

आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर आजच अ‍ॅडमिन सेंटरच्या सेटिंग्जमध्ये पार्टनर रिलेशनशिप्स उघडून बघा. सोडून गेलेल्या कन्सल्टंटचं नाव आणि त्याला दिलेल्या परवानग्या तिथे तशाच असू शकतात. लायसन्स त्याच्यामार्फत चालू नाहीयेत ना एवढं आधी बघून घ्या, मग काढून टाका.