झाडं जरूर लावा, पण हिशोब कोळशाचा आहे

जागतिक तापमानवाढीवर दोन मिनिटं बोला, असं कुणालाही सांगून बघा. तिसऱ्या वाक्यात 'झाडं लावा' येतं, चौथ्यात प्लास्टिक आणि पाचव्यात ओझोनला पडलेलं भोक. भाषण संपतं, टाळ्या पडतात, आणि कोळसा, तेल, नैसर्गिक वायू यांचा साधा उल्लेखही झालेला नसतो. मला याचा अगदी वीट आलाय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ओझोन आधी उरकून टाकतो. तो थर विरळ झाला तो फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्यांचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करायला लावला आणि आता तो थर हळूहळू भरून येतोय. त्या भोकातून जास्तीचं ऊन आत शिरलं आणि पृथ्वी तापली, असं काही झालेलं नाही. (सीएफसी स्वतःच उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे त्या करारानं तापमानवाढीलाही थोडा चाप बसला. बोनस म्हणा.) प्लास्टिक हा मोठा प्रश्न आहे, पण मुख्यतः कचऱ्याचा.

आता झाडं. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं आणि लाकडात साठवतं. ते कुजलं किंवा जळलं की तोच कार्बन परत हवेत जातो. हवा, झाडं आणि माती यांच्यातली ही देवघेव कायम चालूच असते. जगातला बराचसा दगडी कोळसा या देवघेवीतून सुमारे तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. दलदलीत गाडली गेलेली ती जंगलं. तो कार्बन जमिनीत बंद होता. आपण तो उकरून वर आणला आणि जाळला. आज इंधनं जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल यांचा वाटा एकूण कार्बन डायऑक्साइडच्या साधारण एक दशांश. जंगलतोड थांबलीच पाहिजे, त्यावर वादच नाही. पण उरलेले नऊ दशांश रोपं लावून भरून काढू म्हणाल, तर तेवढी मोकळी जमीन पृथ्वीवर नाही.

म्हणूनच 'आम्ही इतकी झाडं लावली, आता आमचा धंदा कार्बन न्यूट्रल' अशी जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं. जाळलेलं इंधन आजच्या आज हवेत जातं. रोपट्याला तेवढा कार्बन ओढून घ्यायला कित्येक दशकं लागतात, तीही ते जगलं तर. मध्येच वणवा लागला की सगळं मुसळ केरात.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. 'उत्सर्जन कमी केलं की हवा थंड होईल' असं भल्याभल्यांना वाटतं. तसं होत नाही. दर महिन्याला नवं कर्ज थोडं कमी काढलं म्हणून आधीची बाकी उतरत नाही, ती वाढतच राहते, फक्त जरा सावकाश. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा समुद्र आणि वनस्पती उचलतात. उरलेला हवेत साठतो, आणि त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतकं तिथेच राहतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजमाप सुरू केलं, तेव्हा दर दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे ३१५ होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे २८० होते, आज ४२० च्या वर आहेत. कीलिंग यांचा आलेख करवतीच्या पात्यासारखा दिसतो. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की रेघ खाली येते, हिवाळ्यात वर चढते. जगभरची सगळी झाडं मिळून ती रेघ दरवर्षी खाली खेचतात, आणि तरी पुढच्या वर्षीचं टोक आदल्या वर्षीपेक्षा उंच असतं.

'पण हे माणसामुळेच कशावरून?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच लिहितो. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर निवायला कितीतरी जास्त वेळ लागला. अशा वायूचं वातावरण असेल तर पृथ्वी जास्त तापेल, हा निष्कर्ष त्यांनी तेव्हाच काढला. पृथ्वीकडून परत जाणारी उष्णता हे वायू कसे शोषतात, ते १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी दाखवलं. १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोडही केली. हे काही कालपरवाचं फॅड नाही.

आणि हवेतला जास्तीचा कार्बन आपलाच, याची खूण त्या कार्बनवरच आहे. जिवंत झाडाच्या पेशींत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार थोडा तरी सापडतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो शिल्लकच नसतो. हान्स स्यूस यांना १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांत हा कार्बन-१४ पातळ होत गेलेला दिसला, म्हणजे हवेत जमिनीतला जुना कार्बन मिसळत होता. सूर्य जबाबदार म्हणावं, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो थंड होतोय आणि खालचा तापतोय. मला विचाराल तर सूर्याचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

परिणामांची यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती परत लिहीत नाही. दोनच गोष्टी सांगतो. अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते. पाणी तापलं की फुगतं, म्हणून हिमनद्या वितळल्या नसत्या तरी समुद्र थोडा वर आलाच असता. दुसरी गोष्ट, हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. म्हणूनच पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. त्याच बाष्पाचा दुसरा चेहरा म्हणजे दमट उकाडा. घाम अंगावर येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो, तेव्हाच शरीर थंड होतं. हवाच बाष्पानं भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो. वेट बल्ब तापमान (थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून मोजतात ते, उष्मा आणि दमटपणा दोन्ही धरणारं) ३५ अंशांवर गेलं, तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसून काही तासांत दगावू शकतो. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी माणसं कोसळतात, आणि उन्हात राबणारी सगळ्यात आधी. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशानं, किंबहुना किंचित जास्तच, गरम होतं.

मग करायचं काय? 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे ज्याच्या त्याच्या वागण्यातून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशोब, हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, एवढं सांगितलं तरी पुरे. दिवे बंद करावेत, जरूर करावेत. पण वीज कशापासून बनते हे माझ्या बटणावर ठरत नाही. तिथे मात्र खरंच चांगली बातमी आहे. २०१० नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, बॅटऱ्याही तशाच. पेट्रोल इंजिनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटारीत बहुतेक ऊर्जा चाकापर्यंत पोचते. म्हणजे आधी वीज स्वच्छ करायची आणि मग जमेल ते विजेवर न्यायचं. अवघड भाग सूर्यास्तानंतरचा: साठवण आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्या. पैसा तिथे ओतायला हवा.

सिमेंटचं दुखणं वेगळं. चुनखडी भट्टीत तापवली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच. सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून जास्त भाग हाच. तिथे क्लिंकर (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) कमी करून राख, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), भाजलेली माती मिसळणं हा आज हाताशी असलेला उपाय आहे.

जबाबदारी सगळ्यांची सारखी, हेही मला मान्य नाही. आजवर इंधनं जाळून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. आज दरवर्षीच्या उत्सर्जनात चीन पहिला आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि प्रत्येक देश आपल्या सोयीचं एकच वाक्य बोलतो. सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख अंतिम मसुद्यात यायला संयुक्त राष्ट्रांची २०२३ ची दुबईची हवामान परिषद उजाडावी लागली. क्रमांक अठ्ठाविसावा!

माझ्या मते सगळ्यात आधी हात घालायला हवा तो मिथेनला, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य घटकाला. तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट उष्णता धरतो. आज गळती थांबवली तर फरक आपल्या हयातीत दिसेल. तेल आणि वायूच्या विहिरींतून, पाइपलाइनमधून तो सुटतो, आणि मोठ्या गळत्या आता उपग्रहावरून ठिकाणासकट दिसतात. तो वायू विकताही येतो. तरी अनेक ठिकाणी तो तसाच सोडला जातो, कारण पकडण्यापेक्षा सोडणं स्वस्त पडतं. तिथे आवाहनं पुरेत. दर टनामागे दंड लावा, आणि तो पकडण्याच्या खर्चापेक्षा जास्त ठेवा.